चाय घेतल्यान काय?

मेजर डॉक्टर गेल्या महिन्यात वारले. त्यांच्या तेराव्याला झाडून सगळी वाडी जेवून आली आणि परत येताना पाणंदीतून त्यांनाच नावं ठेवत आली. "शेवटची दोन वर्सां दार लावन बसलो. मिल्ट्रीचो ताठो, दुसरा काय!" धोंडू म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या. मी मागून चालत होते. एकेकाला उभं करून चार शब्द सुनवावेत असं तोंडाशी आलं होतं. पण सुनवणार कुठल्या तोंडाने? दार त्यांनी लावलं ते माझ्या बोलण्यामुळे लावलं. ते बोलणं मी दोन वर्षं पोटात ठेवलंय.

मी सुभद्रा. धामापूरच्या अलीकडे आमची वाडी, तिथल्या प्राथमिक शाळेत एकवीस वर्षं शिकवते. पोरं मला घाबरतात आणि पोरांचे बाप जास्त घाबरतात, कारण त्यातल्या निम्म्यांना मीच पट्टीने फोडून काढलंय. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे जे येणार आहे ते एखाद्या अडाणी बाईने केलं असं कोणाला वाटायला नको.

मेजर डॉक्टर, म्हणजे गुरुदास तेंडोलकर, सतराव्या वर्षी वाडीतून गेले. मुंबईत डॉक्टरी शिकले आणि लष्करात शिरले. बासष्ट, पासष्ट, एकाहत्तर, तिन्ही लढायांत जखमींची पोटं शिवत होते. निवृत्त होऊन परत आले ते ऐंशी सालच्या शिमग्याच्या आधी. बायको वारलेली, मुलगी नीरजा लग्न होऊन पुण्यात. बरोबर एक लोखंडी ट्रंक आणि चामड्याची तपकिरी बॅग. मालवणी पार विसरलेले. बोलत ते शाळेच्या पुस्तकातलं मराठी, मध्ये मध्ये हिंदी. पहिल्याच आठवड्यात विहिरीवर जाऊन त्यांनी बायकांना पाणी उकळून प्या म्हणून असं झापलं, की बायका कळश्या तिथेच टाकून पळाल्या. आठ दिवस वाडीत तीच गजाल.

पण हळूहळू माणसं त्यांना बोलवायला लागली. दुसरा डॉक्टर होता कुठे? मालवण एका अंगाला, कुडाळ दुसऱ्या, आणि एस.टी. तिच्या मर्जीची. मेजर डॉक्टर कोणाकडूनही काही घेत नसत आणि बोलावलं की पाच मिनिटांत पायात बूट. इंजेक्शनाची सुई आमच्याच चुलीवर उकळायची, तीही घड्याळ लावून. गोड बोलणं मात्र नाही. "बरा होईल ना हो डॉक्टर?" म्हणून कोणी विचारलं तर म्हणायचे, "मी ज्योतिषी नाही. सांगितलं तेवढं करा." अशा माणसाच्या तोंडावरून काय कळणार? दगडी पाटी नुसती. म्हणून मग आमची माणसं दुसरीकडे बघायला लागली.

झालं ते असं. धोंडूची आई आजारी पडली. डॉक्टर आले, तासभर खटपट केली, आणि ठेवलेल्या चहाला हात न लावता गेले. तिसऱ्या दिवशी म्हातारी गेली. पुढच्या महिन्यात भिकाजी तापाने फणफणला होता. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, खुर्ची ओढली आणि दोन कप चहा प्यायले. भिकाजी आठवड्यात नांगराला. झालं! कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, पण आमच्या वाडीला तेवढं पुरतं. मग आणखी एका घरात चहा तसाच राहिला आणि त्या घरातून तिरडी उठली. त्यानंतर माणसं कपाकडेच बघायला लागली.

डॉक्टर एखाद्या घरातून बाहेर पडले की विहिरीवर बायका विचारायच्या ते "काय सांगितल्यान?" नव्हे. विचारायच्या, "चाय घेतल्यान काय?" घेतली म्हटलं की सगळ्या सुटल्यासारख्या हसायच्या. नाही म्हटलं की रहाट थांबायचा. संध्याकाळी त्या घरी जाऊन माणसं आजाऱ्याचं तोंड बघून यायची, शेवटचं बघावं तसं. मी अशा एका घरी गेलेय. ओटीवर कपबशी तशीच होती, चहावर साय धरलेली. ती उचलून धुवायला घरातली एक बाई पुढे होईना.

आणि डॉक्टरांना यातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं. गावाचं तोंड धरता येत नाही म्हणतात, पण हे गाव त्यांच्यापुढे सहा वर्षं तोंड मिटून राहिलं. आपण चिन्ह आहोत हे चिन्हालाच कळलं की ते खोटं पडतं, अशी आमची समजूत.

मला मात्र कारण माहीत होतं. त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. दर जुलैत ते शाळेत येऊन पोरांचे दात, नखं, पोट बघायचे. एका वर्षी मी मध्येच चहा मागवला तर म्हणाले, "सगळी पोरं झाल्यावर." मी म्हटलं, "निवतोय की हो." तेव्हा त्यांनी सांगितलं. बासष्ट साली डोंगरात एका ठाण्यावर दोन दिवस झोप नव्हती. एका शिपायाला पट्टी बांधून बाजूला ठेवलं होतं, हा टिकेल असं धरून. कोणी तरी चहाचा मग हातात दिला. तो संपेपर्यंत पट्टीखालून रक्त वाहून शिपाई गेला. "मगाएवढा वेळ, बाई," ते म्हणाले. "तेव्हापासून काम पुरं झाल्याशिवाय मी काही तोंडाला लावत नाही." एवढंच होतं ते. आजारी फार असला की काम पुरं होत नाही, म्हणून चहा राहतो. थोडक्यातला असला की चहा होतो. यात देव नाही, भूत नाही.

हे मी वाडीला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मनात म्हटलं, जळ्ळं मेलं ते, कोणाचं काय बिघडतंय? आणि खरं सांगू, सगळ्यांना न कळलेलं एक गुपित आपल्यापाशी आहे याची थोडी ऐटही होती.

आता लवूचं सांगते. लवू माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा सात वर्षांचा, नाक वाहतं, चड्डीला बटण नाही. नवरा मुंबईला गोदीत, सासरा नव्हताच. लवूला मी न्हाऊ घातलं, मीच वर्गात बसवलं, मीच बदडलं. मला मूल झालं नाही, आणि लवूमुळे ते मला कधी बोचलंही नाही. शेतीवाडी तोच बघायचा. सव्वीस वर्षांचा गडी, दशावतारात राक्षस व्हायचा, आणि घरात मला अजून चिडवायचा, "वयनी, पट्टी खंय ठेवलंस? धाक वाटना नाय आजकाल!"

शहाऐंशीच्या नोव्हेंबरात, भात झोडून झालं होतं, तेव्हा लवूच्या पोटात दुखायला लागलं. आधी बेंबीपाशी, सकाळपर्यंत उजव्या अंगाला खाली. ओकाऱ्या थांबेनात. मी शाळेत चिठ्ठी पाठवली आणि डॉक्टरांना बोलावलं. बारा वाजत आले होते.

डॉक्टरांनी पोट हळू दाबलं आणि एकदम हात काढला. लवू असा ओरडला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. डॉक्टर माझ्याकडे वळले. "अपेंडिक्स आहे. आजच्या आज कापायला हवं. तीनची कुडाळची गाडी गाठा, ती चुकली तर गंगारामची जीप. मी तिथल्या सर्जनना चिठ्ठी देतो. तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. फुटलं तर मग माझ्या हातात नाही, कोणाच्याच नाही. कळलं?"

मी मान हलवली. कळलं होतं. शब्द न् शब्द कळला होता.

पण दाराच्या आडून अक्का, माझी सासू, ऐकत होती. तिचा नवरा पोट कापून घ्यायला म्हणून गेला होता आणि त्याचं कलेवरच घरी आलं होतं. ती मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "माझ्या झिलाचा पोट फाडूक देवचंय नाय मी. आदी डॉक्टर चाय घेता काय बघ. घेतल्यान तर काय्येक होवचा नाय तेका. हंयच बरो होतलो."

"आणि नाय घेतल्यानी तर?" मी विचारलं.

अक्काने चुलीवरच्या आधणात चहाची पूड टाकली. मला त्या ओटीवरची साय धरलेली कपबशी दिसली. मनात आलं, ही आपल्या ओटीवर राहणार. संध्याकाळी माणसं येतील, लवूचं तोंड बघून जातील. मी कप काढला. चहाचं कारण माहीत होतं ना मला? बासष्ट साल, शिपाई, मग, सगळं पाठ होतं. काही उपयोग झाला नाही त्याचा. भीती वाटली की माणूस शिकलेलं विसरतो असं म्हणतात. खोटं आहे ते. मी काही विसरले नव्हते. नुसतं बाजूला सारलं.

देवळात आम्ही कौल लावतो. देवाला पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी पडली तर हो. डावी पडली तर आमची माणसं काय करतात? पुन्हा लावतात. गुरव कंटाळेपर्यंत लावतात, उजवी पडेपर्यंत लावतात. मी पोरांपुढे याची किती टिंगल केली असेल! आणि त्या दुपारी मी स्वतः तेच करायला निघाले.

चहा घेऊन बाहेर आले तर डॉक्टर चिठ्ठी लिहून उठलेले. त्यांना मालवणला जायचं होतं. पेन्शनसाठी बँकेत हयातीचा दाखला द्यायचा शेवटचा दिवस होता. "नको बाई," ते म्हणाले. "तुम्ही तयारीला लागा."

"घोटभर घ्या."

"काम झालेलं नाही अजून. तुम्हांला माहीत आहे माझं."

"डॉक्टर," मी म्हणाले, "माझ्या हातचा चहा आज परत नेऊ नका. पाया पडते तुमच्या." आणि खरंच वाकले. मी, जी आजवर शाळेच्या इन्स्पेक्टरपुढे वाकले नाही! डोळ्यांतून पाणी येत होतं, ते खोटं नव्हतं.

डॉक्टर गोंधळले. लढाईत काय काय बघितलेला माणूस, पण रडणाऱ्या बाईपुढे काय करावं ते त्यांना कधीच कळलं नाही. त्यांना वाटलं असणार, बाईचा धीर सुटलाय, एवढ्याने धीर येत असेल तर येऊ दे. उभ्या उभ्या त्यांनी कप घेतला. अर्धा प्यायले. कोणाच्या समाधानासाठी नियम मोडण्याची त्यांच्या आयुष्यातली ती एकच वेळ असेल. आतून अक्काचा हुंदका ऐकू आला, सुटकेचा. डॉक्टरांनी त्या दिशेने बघितलं, त्यांना काही उमगलं नाही. "तीनची गाडी," त्यांनी पुन्हा एकदा बजावलं, आणि गेले.

वाडीत बातमी दहा मिनिटांत फिरली. शेजारणी दारात येऊन हसून गेल्या. "घेतल्यान मा? मगे झाला तर!" अक्काने देवाला नारळ ठेवला. मी लवूचे कपडे पिशवीत भरले होते, ते तसेच राहिले. मी म्हटलं, "अक्का, जाऊक होया." अक्का म्हणाली, "जावया गो, उद्या बघूया." आणि मी बसले. तीनची गाडी पाणंदीच्या टोकाला थांबलेली मी ऐकली. कंडक्टरने घंटी दिली तीही ऐकली. चिठ्ठी माझ्या पदराच्या गाठीत होती.

चार वाजता लवूचं दुखणं थांबलं.

एकदम थांबलं. तो उठून उशीला टेकून बसला, घाम पुसला आणि म्हणाला, "वयनी, भूक लागली गो." अक्काने त्याला पेज भरवली. मला इतका आनंद झाला की मी ओटीवर येऊन मोठ्याने रडले. आत अपेंडिक्स फुटलं म्हणून दुखणं थांबलं होतं, हे मला तिसऱ्या दिवशी कुडाळच्या सर्जननी सांगितलं. संध्याकाळी डॉक्टर मालवणहून आले ते थेट आपल्या घरी गेले. आम्ही कुडाळात आहोत असंच त्यांनी धरलं होतं.

पहाटे लवूचं पोट फळीसारखं घट्ट झालं. हातपाय गार, डोळे खोल गेलेले. गंगारामच्या जीपमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तो सारखं पाणी मागत होता. ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. "आदल्या दिवशी आणलं असतं तर?" असं मी विचारलं नाही. सर्जननीही सांगितलं नाही. ते फक्त चिठ्ठीवरची तारीख बघत राहिले.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मेजर डॉक्टर आले. अक्का आत पडून होती. ते ओटीवर बसले, काठी दोन्ही हातांनी धरून. मग म्हणाले, "बाई, मला एक समजत नाही. चिठ्ठी मी साडेबाराला दिली. तीनची गाडी होती. जीप होती. तुमच्यासारखी शहाणी बाई घरात होती. का नाही नेलंत?"

खोटं सांगता आलं असतं. गाडी आली नाही म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं. पण मला राग आला होता. अक्काचा, वाडीचा, स्वतःचा, आणि देवा शप्पथ, त्यांचाही. का प्यायलात, असं. म्हणून मी सांगून टाकलं.

"तुम्ही चहा घेतलात म्हणून."

त्यांना कळेना. मग मी सगळं सांगितलं. धोंडूची आई, भिकाजी, विहिरीवरच्या बायका, सहा वर्षं. ते ऐकत होते. मध्ये एकदा ते थोडे हसल्यासारखे झाले, मग तोंड तसंच राहिलं. मला वाटलं आता ओरडतील. ओरडायला हवे होते ते.

"म्हणजे ज्या घरी मी चहा घेतला नाही," ते सावकाश म्हणाले, "त्या घरी काय करत होतात तुम्ही लोक?"

मी उठून आत जायला लागले.

"बोला."

"काय करणार?" मी म्हटलं. "तुम्ही घेतला नाहीत म्हणजे माणूस राहत नाही. मग उगाच सुया कशाला टोचायच्या? गंगाजळ, तुळशीपत्र..."

"औषध बंद?"

"हो."

डॉक्टरांनी काठी बाजूला ठेवली. "धोंडूची आई मरणारच होती," ते म्हणाले, स्वतःशीच. मग माझ्याकडे बघून, "गंगारामची विमला?"

गंगारामची विमला माझ्या वर्गात होती, तिसरीत. त्र्याऐंशीच्या पावसात तिला न्यूमोनिया झाला होता.

"तिला मी दहा दिवस इंजेक्शनं लिहून दिली होती. दोन झाली. तिसऱ्या दिवशी गंगारामने निरोप पाठवला, मुलीला मामाकडे नेलंय, तिकडे चालू ठेवू. आठवड्याने ऐकलं की गेली. मला वाटलं, तिकडे हयगय झाली." ते थांबले. "मामाकडे नेलीच नव्हती?"

"नाही."

"घरातच होती."

"हो. तुम्ही दुसऱ्या दिवशी चहा घेतला नव्हतात."

"तिचा ताप उतरला होता, बाई. बरी होत होती ती पोर. काम झालं होतं माझं." त्यांनी गालावर हात ठेवला, मागच्या बाजूला. "माझी दाढ दुखत होती. गरम काही तोंडात घेववत नव्हतं."

मग त्यांनी विचारलं, "अजून कोण?"

अजून तीन घरं होती. नावं माझ्या ओठांवर होती. त्यातली दोन पोरं माझ्याच हजेरीपटावरची.

"कोणी नाही," मी म्हणाले. "तेवढीच."